चेंडू खेळून पोट भरतं का?

(देऊळघाट परिसरातल्या महिला गटांसाठी रेडिओवरून झालेलं भाषण)



आज ज्या खेळाबद्दल बोलायचं आहे, त्याचं कडं तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेलं असेल. शाळेच्या नाही तर कॉलेजच्या मैदानाच्या टोकाला एक लोखंडी खांब असतो, त्याला वर एक फळी आणि फळीला गोल कडं. जाळी बहुधा उन्हापावसात गेलेली असते. त्या कड्यातून चेंडू खाली टाकायचा आणि समोरच्यांना टाकू द्यायचा नाही, एवढा साधा बास्केटबॉल. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच.

गटाच्या बैठकीत मुलींच्या खेळाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "खेळून काय भेटते तिले?" आम्हाला हा प्रश्न चुकीचा वाटत नाही. सोयाबीन-कापसाच्या पैशात वर्ष काढणाऱ्या घरानं हिशेब विचारलाच पाहिजे. तर आज हिशेबच करू. युरोपात बाया बास्केटबॉल खेळून पगार घेतात. तो कसा मिळतो, किती दिवस मिळतो, कोण बुडवतं, बाळंतपण आलं की काय होतं, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या मुलीच्या वाट्याला यातलं काय येतं, ते पाहू.

खेळाचा जन्म अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावचा, साल १८९१. थंडीचे दिवस होते, मुलांना बाहेर खेळता येईना. जेम्स नायस्मिथ नावाच्या मास्तरांनी फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि त्यात चेंडू टाकायला सांगितलं. टोपलीला तळ होता, म्हणून प्रत्येक वेळी कुणीतरी वर चढून चेंडू काढायचा. ती टोपली दहा फुटांवर होती. आजही कडं दहा फुटांवरच असतं, बायांसाठी ते खाली आणलेलं नाही. बायांचा चेंडू तेवढा थोडा लहान, वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या बाईंनी मुलींना तो शिकवला. म्हणजे मुली या खेळात पहिल्या वर्षापासून आहेत. तरी ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ ला आला आणि बायांचा १९७६ ला. चाळीस वर्षं लागली.

त्या १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये सगळ्यांच्या नजरा एका बाईवर होत्या, उल्याना सेम्योनोव्हा. लाटविया नावाच्या लहान देशातली, खेड्यात जन्मलेली मुलगी. उंची जवळजवळ सात फूट. आता आपल्याकडं एखादी पोरगी पाच-सात, पाच-आठ झाली की घरात काळजी सुरू होते, हिच्या उंचीचा नवरा कुठून आणायचा. सात फुटांच्या मुलीचं गावात काय होत असेल, ते तुम्हीच ओळखा. पण ती तेरा-चौदा वर्षांची असताना खेळाच्या माणसांनी तिला हेरलं आणि रिगा शहरात नेलं. तिच्या रिगाच्या संघानं युरोपातला क्लबांचा करंडक एकूण १८ वेळा जिंकला. ऑलिम्पिकचं सोनं तिनं १९७६ ला आणलं आणि १९८० लाही आणलं. तेव्हा लाटविया सोव्हिएत संघात होता. तिथं खेळाचा पगार असा उघड नसायचा. सरकार खेळाडूला कुठंतरी नोकरीत दाखवायचं आणि तिनं खेळायचं. पस्तिशी ओलांडल्यावर कुठं तिला परवानगी मिळाली आणि ती स्पेनमध्ये, मग फ्रान्समध्ये क्लबासाठी खेळली. नोकरीत दाखवून खेळवायची ही पद्धत ध्यानात ठेवा, पुढं आपल्या देशाकडं वळलो की ती परत लागेल.

आता आजचा युरोप. युरोप म्हणजे पुष्कळ लहान-मोठे देश. बेल्जियम हा अख्खा देश आपल्या विदर्भाच्या एक तृतीयांशात मावतो. प्रत्येक देशात बायांची लीग असते, म्हणजे गावोगावच्या क्लबांची वर्षभराची स्पर्धा. त्यातले वरचे क्लब परत सगळ्या युरोपच्या स्पर्धेत खेळतात. क्लब खेळाडूशी करार करतो. बहुधा एका हंगामाचा, कधी दोन हंगामांचा. हंगाम साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतो आणि एप्रिल-मे मध्ये संपतो.

ऐकताना तुम्हाला ऊसतोडीची आठवण आली असेल. आम्हालाही आली. जवळजवळ तेच महिने. बिऱ्हाड उचलायचं, परक्या मुलखात जायचं, अंगमेहनतीचं काम करायचं, हंगाम संपला की घरी. फरक मोठा आहे तो उचलीचा. ऊसतोडीला जोडपं निघतं ते डोक्यावर उचल घेऊन, आणि फिटेपर्यंत सुटका नसते. बास्केटबॉलच्या करारात कर्ज नसतं. दरमहा इतके युरो, राहायला सामान-सुमानासकट घर, येण्या-जाण्याचं विमानाचं तिकीट, कुठं कुठं वापरायला गाडी, दुखापत झाली तर औषधपाणी कुणाच्या खर्चानं, हे सगळं कागदावर असतं. बाहेरदेशीच्या खेळाडू किती घ्यायच्या याला बहुतेक देशांत मर्यादा असते, म्हणून परदेशी खेळाडूवर भार जास्त. तिनं गुण काढले नाहीत तर हंगामाच्या मध्येच दुसरी आणतात.

पगार किती, यावर एक उत्तर नाही. खालच्या लीगमध्ये घरभाडं सुटून हातखर्चापुरतेच पैसे मिळतात. अशा खेळाडू दिवसा शिकतात, शिकवतात, दुकानात काम करतात. अगदी वरच्या क्लबांत मात्र डोळे फिरतील असे आकडे होते, विशेषतः रशियात. डायना टोरासी ही अमेरिकेची नावाजलेली खेळाडू. उन्हाळ्यात अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीए लीगमध्ये खेळायची आणि थंडीत रशियातल्या येकातेरिनबर्गच्या क्लबाकडं. अमेरिकेत तिला वर्षाला साधारण एक लाख सात हजार डॉलर, आणि बातम्यांप्रमाणे रशियात पंधरा लाख. २०१५ च्या उन्हाळ्यात ती अमेरिकेत खेळलीच नाही. रशियाच्या क्लबानं तिला सांगितलं, शरीराला आराम दे, तुझा तिथला पगार आम्ही भरून देतो. बाईला आराम करायचे पैसे मिळाले! घरात दुपारी पाठ टेकली तर चार माणसं विचारतात, बरं नाही का म्हणून. तिथं तज्ज्ञ माणसांनी हिशेब घातला होता की हे अंग बारा महिने राबलं तर लवकर मोडेल, आणि मोडलं तर नुकसान क्लबाचं.

पण पैशासाठी लांब जाण्याची किंमतही असते. ब्रिटनी ग्राइनर याच येकातेरिनबर्गच्या क्लबात २०१४ पासून खेळत होती. अमेरिकेत तिला वर्षाला सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास मिळत, रशियात त्याच्या कितीतरी पट. १७ फेब्रुवारी २०२२ ला मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात गांजाच्या तेलाच्या छोट्या कुप्या सापडल्या. आठवड्याभरात युक्रेनचं युद्ध पेटलं. ४ ऑगस्टला तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली. ८ डिसेंबरला दोन देशांनी कैद्यांची अदलाबदल केली तेव्हा ती सुटली, जवळजवळ दहा महिन्यांनी. तेव्हा बऱ्याच लोकांनी विचारलं की अमेरिकेसारखा देश सोडून ही तिकडं गेलीच कशाला? उत्तर पगाराच्या आकड्यात आहे. युद्धानंतर रशियाचे क्लब युरोपच्या स्पर्धेतून बाहेर काढले गेले आणि परदेशी खेळाडू दुसरीकडं पांगल्या.

पांगलेल्यांत एम्मा मेसमन होती. बेल्जियममधल्या इपर या लहान गावची. तिची आईही देशासाठी बास्केटबॉल खेळलेली. आई खेळलेली असली की मुलीला "बस झालं आता, मोठी झालीस" असं कुणी म्हणत नाही, हा आमचा अंदाज. एम्मा गावच्या क्लबात घडली, मग फ्रान्स, मग रशिया, नंतर तुर्कस्तानातला फेनरबाहचे क्लब, आणि उन्हाळ्यात अमेरिका. २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या संघानं अमेरिकेची लीग जिंकली तेव्हा अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. आणि तिच्या त्या टीचभर देशानं २०२३ ला युरोपचं अजिंक्यपद जिंकलं आणि २०२५ ला परत जिंकलं, दोन्ही वेळा स्पेनला हरवून. लोकसंख्येनं बेल्जियम मुंबईपेक्षाही लहान आहे. तिथं गल्लीतल्या मैदानापासून देशाच्या संघापर्यंत वाट अखंड आहे, मधे कुठं तुटत नाही.

आता बुडवणाऱ्यांकडं येऊ. युरोपातही क्लब पगार थकवतात. पैसे देणारा मालक निघून गेला, जाहिरातदार आटला, की तीन-तीन महिने पगार नाही. परक्या देशात बाई, भाषा येत नाही, घर क्लबाचं, तिकीट क्लबाचं. मजुरी थकली की काय होतं हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. रोजगार हमीच्या कामाचे पैसे खात्यात कधी पडतात म्हणून बँकेत किती खेपा घातल्यात, त्या आठवा.

त्यांच्याकडं यावर एक उपाय निघाला. बास्केटबॉलची जागतिक संघटना आहे, तिचं नाव फिबा. तिनं सुमारे वीस वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा इथं एक लवाद बसवला. खेळाडू तिथं अर्ज करते, लवाद कागद पाहतो आणि न्याय्य काय ते ठरवतो. क्लबानं निकाल मानला नाही तर त्याला नवीन खेळाडू नोंदवायला बंदी येऊ शकते. खेळाडूच नाहीत तर क्लब चालणार कसा, म्हणून पैसे निघतात. पण यात एक मेख आहे. भांडण झालं तर ते या लवादापुढं जाईल, असं वाक्य करारात असावं लागतं. ते वाक्य नसेल तर दार बंद. अर्जाची फीही आधी भरावी लागते. एका वाक्यावर सहा महिन्यांची कमाई अवलंबून असते. आपल्या गटात कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी सचिव ताई वाचून दाखवते, ती सवय किती मोलाची आहे हे यावरून कळावं.

बाळंतपणाचं काय? वर्षानुवर्षं उत्तर असं होतं की खेळाडूनं ठरवावं, मूल की करार. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, चालत मात्र तोच होता. यात मोठी लढाई झाली ती फुटबॉलमध्ये, आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सारा ब्योर्क गुन्नार्सडॉटिर ही आइसलंडची खेळाडू फ्रान्सच्या ल्योन क्लबात होती. २०२१ मध्ये तिला दिवस गेले, ती घरी गेली. क्लबानं ठरलेला पूर्ण पगार दिला नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं त्याच वर्षापासून नियम केला होता की गरोदर खेळाडूला निदान चौदा आठवड्यांची पगारी रजा द्यायची. त्या नियमावर बोट ठेवून ती लढली आणि ८२ हजार युरोंहून जास्त रक्कम व्याजासह मिळवली. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये २०२० च्या नव्या करारानं बाळंतपणाच्या काळात पूर्ण पगार आला, त्याआधी अर्धाच मिळायचा. एकटीनं मागून हे मिळालं नाही. खेळाडूंची संघटना आहे, ती मालकांशी वाटाघाटीला बसते.

आता एक गोष्ट, जी आम्हाला सगळ्यात जवळची वाटली. आपल्या गावात ती नीट समजेल, कारण आपल्या गटांत पदर घेणाऱ्या आहेत, ओढणी घेणाऱ्या आहेत, बुरखा-हिजाब वापरणाऱ्या आहेत आणि काहीच न घेणाऱ्याही आहेत.

बिल्कीस अब्दुल कादिर ही त्याच स्प्रिंगफिल्डची मुलगी, जिथं हा खेळ जन्मला. शाळेत खेळताना तिनं ३,०७० गुण केले. तिच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तेवढे गुण तोवर शाळेतल्या कुठल्या मुलीनंही केले नव्हते आणि मुलानंही नाही. डोक्याला स्कार्फ, पूर्ण बाह्या, पायघोळ विजार, अशी ती खेळायची. कॉलेजच्या वरच्या दर्जाच्या स्पर्धेतही तशीच खेळली, कुणाचं काही अडलं नाही. २०१४ मध्ये कॉलेज संपलं. तिला युरोपात पगारी खेळाडू व्हायचं होतं. तेव्हा फिबाचा नियम आडवा आला. डोक्यावर काही बांधून खेळायला बंदी. कारण सांगितलं जायचं सुरक्षेचं.

या नियमाचा फटका एकट्या बिल्कीसला बसला नाही. त्याच २०१४ मध्ये आशियाई खेळांत कतारच्या मुलींना हिजाब काढा म्हटलं, त्यांनी सामना सोडला पण डोकं उघडं केलं नाही. आणि त्याच वर्षी चीनमध्ये आपल्या भारताच्या पुरुष संघातल्या दोन शीख खेळाडूंना पगडी उतरवून खेळावं लागलं. पगडी घालून ते आधी कितीतरी सामने खेळलेले होते, तेव्हा कुणाला इजा झाली नव्हती.

बिल्कीस आणि तिच्यासारख्या इतर खेळाडू लिहीत राहिल्या, सह्या गोळा करत राहिल्या. मे २०१७ मध्ये फिबानं नियम बदलला, १ ऑक्टोबर २०१७ पासून डोकं झाकून खेळायला परवानगी मिळाली. पण खेळाडूच्या आयुष्यात तीन वर्षं म्हणजे आपल्या कोरडवाहू शेतातले तीन पावसाळे. गेले ते गेले. बिल्कीस तोवर शिकवण्याकडं आणि मुलींना खेळ शिकवण्याकडं वळली होती. युरोपातला पगार तिला मिळालाच नाही. ज्या दारासाठी ती लढली त्यातून दुसऱ्या मुली आत गेल्या.

आणि दार सगळीकडं उघडलं असंही नाही. फ्रान्सच्या बास्केटबॉल महासंघानं २०२२ च्या शेवटी आपल्या देशातल्या स्पर्धांत धार्मिक पेहरावाला बंदी केली. आमचं मत सरळ आहे. कुणी मुलीला डोकं झाक म्हणून मैदानातून घरी बोलावतं आणि कुणी डोकं उघड म्हणून मैदानातून घरी पाठवतं. दोघांचं भांडण चालतं, चेंडू मात्र दोन्हीकडून मुलीच्याच हातातून जातो.

आता आपला देश. आपल्याकडं बायांच्या बास्केटबॉलला पगार देणारी, वर्षानुवर्षं चालणारी लीग रुजलेली नाही. स्पर्धा होतात, पण एक-दोन आठवड्यांच्या. मग चांगली खेळणारी मुलगी पोट कशावर भरते? नोकरीवर. रेल्वे, पोलीस, वीज मंडळ, बँका. खेळाच्या कोट्यातून नोकरी लागते आणि मुलगी त्या खात्याच्या संघातून खेळते. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या बायांचा संघ वर्षानुवर्षं सगळ्यांवर भारी, कारण देशातल्या चांगल्या मुली नोकरीसाठी तिकडंच जातात. सेम्योनोव्हाच्या देशाची पद्धत आठवली ना?

या चौकटीतून बाहेर पडून परदेशी क्लबात खेळणारी भारताची पहिली मुलगी केरळची गीतू अण्णा जोस. उंची सहा फूट दोन इंच, नोकरी दक्षिण रेल्वेत. २००६ मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या रिंगवुड क्लबाकडून खेळायला गेली. २०११ ला अमेरिकेच्या लीगमध्ये चाचणी देऊन आली, निवड झाली नाही. पण तिथवर पोचलेली ती पहिली. नंतर २०१९ मध्ये केरळचीच जीना त्याच रिंगवुडला गेली, ती नोकरीला केरळच्या वीज मंडळात. एका राज्याच्या दोघी, एकाच क्लबात. वाट एकीनं पाडली की दुसरीला पाऊल टाकायला जागा होते.

आपली मराठी मुलगी म्हणजे पुण्याची शिरीन लिमये. तीही रेल्वेची खेळाडू. २०१७ मध्ये बंगळूरला आशिया करंडकाच्या खालच्या गटात भारतानं कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असं दोन गुणांनी हरवलं आणि वरच्या गटात गेला, त्या संघात शिरीन होती. २०२१ मध्ये जॉर्डनच्या अम्मान शहरात आशिया करंडक झाला, तेव्हा ती भारताची कप्तान. तिथं समोर जपान आला. जपानच्या मुली दोनच महिन्यांपूर्वी टोकियो ऑलिम्पिकचं रौप्यपदक घेऊन आलेल्या. सामना सुटला १३६ विरुद्ध ४६. नव्वद गुणांनी हार. भारत शेवटचा आला आणि परत खालच्या गटात गेला.

हा आकडा आम्ही मुद्दाम सांगितला. कप्तानाला कमी लेखायला नाही. उलट, अशा सामन्यात शेवटच्या मिनिटापर्यंत धावत राहणाऱ्या मुलीला आम्ही मानतो. पण नव्वद गुणांचा खड्डा मुलींच्या पायात नसतो. जपानमध्येही खेळाडू कंपन्यांच्याच संघांत असतात, म्हणजे नोकरीची पद्धत तिथंही आहे. फरक असा की तिथं त्या कंपन्यांची लीग दर हंगामाला महिनोन्‌महिने चालते. मुली आठवड्यामागून आठवडा तोलामोलाच्या मुलींशी भिडतात. आपल्याकडं नोकरी लागते आणि सामने मोजकेच. सराव रोज केला तरी सामन्याची भूक सामन्यानंच भागते.

मग युरोपचा करार बरा की रेल्वेची नोकरी? आमच्यात यावर वाद झाला. एकीचं म्हणणं, दहा वर्षांत दहा देश पाहावेत, मग पुढचं पुढं. दुसरीचं म्हणणं, पस्तिशीला गुडघा गेल्यावर त्या दहा देशांतला कुणी विचारत नाही, आणि आपल्या सरकारी नोकरीत सहा महिन्यांची बाळंतपणाची रजा आहे, दवाखाना आहे, साठीपर्यंत पगार आहे. आमचा कौल शेवटी दुसरीकडं झुकला. आपल्या घरांची परिस्थिती पाहता मुलीसाठी नोकरीच बरी. पण त्या नोकरीनं खेळ वाढत नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही मिळायला हवं, आणि ते मागायला हवं.

शेवटी आपल्या पोरींसाठी काही कामाच्या गोष्टी.

गुडघ्यापासून सुरू करू. उडी मारून उतरताना आणि धावता धावता वळताना गुडघ्यातली एक शिर, लिगामेंट म्हणतात तिला, फाटते. मुलांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत कितीतरी जास्त होते. ऑपरेशन झालं तर मैदानावर परतायला आठ-दहा महिने ते वर्षही जातं. उतरताना गुडघे आत न वळवता, वाकवून, दोन्ही पायांवर उतरायचं, हे मास्तरांनी पहिल्या दिवसापासून शिकवलं पाहिजे. तुम्ही तसं त्यांना विचारा. आणि चपलेवर किंवा अनवाणी सिमेंटच्या मैदानावर उड्या मारू देऊ नका.

दुसरं रक्ताचं. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायांमध्ये रक्त कमी निघालं. चाळीस मिनिटांचा सामना अशा अंगानं कसा खेळायचा? पोरगी चटकन दमते म्हणून तिला आळशी म्हणू नका, उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या ती खाते की दप्तरात ठेवते तेही पाहा. पाळीच्या दिवसांत खेळायला हरकत नाही. त्रास होत असेल तर विश्रांती घ्यावी, पण विटाळ म्हणून मैदान बंद करू नये.

तिसरं, फसवणूक. परदेशात खेळायला पाठवतो, आधी इतके पैसे भरा, असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. खऱ्या बाजारात क्लब खेळाडूला पैसे देतो, आणि मध्यस्थाची टक्केवारीही बहुधा क्लबच देतो. पासपोर्ट कुणाच्या ताब्यात द्यायचा नाही. ज्या भाषेत वाचता येत नाही त्या कागदावर सही करायची नाही.

आणि प्रमाणपत्रं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. कुठल्या पातळीचं पदक कुठल्या पदाला चालतं, याचे नियम ठरलेले आहेत. ते बुलढाण्याला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारायचे. नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची तपासणी विभागाच्या पातळीवर होते, म्हणजे आपल्यासाठी अमरावतीला. तिथं नाव, जन्मतारीख, स्पर्धेचं वर्ष, सगळं जुळावं लागतं. शाळेत "गुड्डी" आणि आधारवर दुसरंच नाव, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. एक वर्ष घरी बसवलं तर तो गट हातचा जातो आणि परत येत नाही.

प्रमाणपत्र लॅमिनेशन करू नका, तपासणीत मागची बाजू आणि शिक्का पाहतात. प्लॅस्टिकच्या फाइलीत ठेवा, दोन झेरॉक्स वेगळ्या ठेवा, आणि ती फाइल पत्र्याच्या पेटीत, गटाच्या पासबुकाशेजारी ठेवा. तिथं ती उंदरापासूनही वाचेल आणि गरजेच्या दिवशी सापडेलही.